मांजराचे जुने पोटाचे दुखणे, अंगाची खाज आणि स्टिरॉइडची गोळी

(शेतकरी बंधूंसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)

गाय, बैल, शेळी यांच्या दुखण्यांविषयी आपण नेहमी ऐकतो आणि वाचतो. आज विषय थोडा वेगळा घेतला आहे. आज मांजराविषयी बोलायचे आहे. "मांजराला कसला आलाय डॉक्टर?" असे कोणी म्हणेल. पण जरा विचार करा. आपल्या जालना जिल्ह्यात दिवाळीनंतर घराघरांत काय असते? एका खोलीत कापूस, ओसरीत सोयाबीन आणि मक्याची पोती, पुढे तूर येते, मग ज्वारी. या सगळ्यावर रात्रभर राखण कोण करते? उंदीर पोते कुरतडतो, दाणे खातो आणि खाल्ल्यापेक्षा जास्त नासवतो. त्याला धाकात ठेवणारे जनावर घरात एकच, ते म्हणजे मांजर. शिवाय लेकराबाळांचा त्याच्यावर जीव असतो, तो वेगळाच.

असे हे मांजर कधी कधी खंगू लागते. आठवड्यातून दोन-तीनदा ओकते. शेण पातळ होते, कधी त्यात शेंबूड किंवा रक्ताचे सूत दिसते. खाते, पण अंगी लागत नाही. पाठीचा कणा हाताला लागतो. काहींना त्याच्या जोडीला खाज सुटते. मान, कान, पोट खाजवून खाजवून केस जातात आणि खपल्या धरतात. कोणीतरी सांगते, "स्टिरॉइड दे, दोन दिवसांत उड्या मारील." आणि खरेच, कित्येकदा दोन दिवसांत मांजर उड्या मारू लागते! खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. तोच आज समजून घेऊ.

दुखणे जुने केव्हा म्हणावे?

मांजर आपले अंग चाटून साफ करते. त्यात केस पोटात जातात. महिन्या-दोन महिन्यांत एखादा केसांचा गोळा ओकले तर काळजीचे कारण नाही. गवत खाऊन एकदा ओकले तरी चालेल. परंतु ओकारी किंवा ढाळ तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस चालू राहिले, किंवा थांबून पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि वजन उतरू लागले, तर ते जुने दुखणे समजावे.

एकाएकी झालेली ओकारी ही वेगळी गोष्ट आहे. शेतात किंवा घरात उंदरासाठी विषाचे आमिष ठेवलेले असेल आणि मांजर अचानक ओकू लागले, लाळ गाळू लागले, थरथरू लागले, तर त्याने विष किंवा विष खाल्लेला उंदीर खाल्ला असण्याची शक्यता आहे. तिथे घरगुती उपाय करीत बसू नये. औषधाचे पाकीट बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. आणि मुळात ज्या घरात मांजर आहे त्या घरात विषारी आमिष ठेवूच नये.

गोळीच्या आधी जंत पाहा

जुन्या ढाळांचे सर्वांत साधे कारण म्हणजे जंत. उंदीर मारून खाणाऱ्या मांजराला ते पुन्हा पुन्हा होतात. शेपटीखालच्या केसांना किंवा झोपायच्या जागी तांदळाच्या दाण्यासारखे किंवा काकडीच्या बियांसारखे तुकडे चिकटलेले दिसले तर ते पट्टकृमीचे तुकडे होत. गोल जंत बाहेरून दिसतीलच असे नाही. म्हणून मांजराचे ताजे शेण एका स्वच्छ डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला न्यावे. जंताचे औषध वजन पाहून द्यायचे असते. म्हशीच्या मोठ्या गोळीचा तुकडा मोडून अंदाजाने देऊ नये. पट्टकृमीचे औषध वेगळे आणि गोल जंताचे बहुधा वेगळे, हेही ध्यानात ठेवा.

मग पिसवा पाहा

खाजेचे सर्वांत मोठे कारण पिसू. काही मांजरांना पिसवेच्या लाळेचे वावडे असते. अशा मांजराला दोन-चार पिसवा चावल्या तरी सगळे अंग पेटते. "आमच्या मांजराच्या अंगावर पिसू दिसत नाही," असे आपण म्हणतो. कशी दिसेल? मांजर ती चाटून गिळून टाकते! आणि गिळलेल्या पिसवेतूनच एका जातीचा पट्टकृमी त्याच्या पोटात जातो. म्हणजे खाज आणि ढाळ या दोन्ही तक्रारींचे मूळ कधी कधी एकाच ठिकाणी सापडते.

परीक्षा सोपी आहे. बारीक दातांच्या फणीने मांजराची पाठ विंचरावी. जो काळा भुसा निघेल तो ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाकावा. भुशाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे, असे समजावे.

आता पिसवांचे औषध. इथे फार जपावे लागते. गुरांच्या गोचिडांवर किंवा कुत्र्याच्या अंगावर लावायचे औषध मांजराला कधीही लावू नका. त्यांतल्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन किंवा त्याच्या जातीचे द्रव्य असते. मांजराचे यकृत ते पचवू शकत नाही. अंगाला झटके येऊन मांजर दगावते. मांजरासाठी म्हणून मिळणारे, मानेवर टाकायचे औषधच आणावे आणि घरातल्या सगळ्या मांजरांना एकाच वेळी लावावे. मांजर झोपते ते पोते, गोधडी कडक उन्हात वाळवावी आणि फरशीच्या फटी झाडून घ्याव्यात.

रेशीम शेती करणाऱ्या बंधूंना एक खास सूचना. आपल्या जिल्ह्यात तुतीची लागवड वाढली आहे आणि २०१८ सालापासून जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठही आहे. ज्यांच्या घराला लागून कीटक संगोपनगृह आहे त्यांनी पिसवांसाठी घरात कीटकनाशक फवारू नये. पिसू मरेल, पण शेडमधल्या रेशीम अळ्याही जातील. मांजराला औषध लावलेला हातही साबणाने धुतल्याशिवाय तुतीच्या पाल्याला लावू नये.

तिसरी गोष्ट, ताटातले अन्न

"मांजर म्हटले की दूध" असे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु मोठे झालेल्या पुष्कळ मांजरांना दुधातली साखर पचत नाही. त्यांना दुधानेच ढाळ लागतात. म्हणून जुने ढाळ असलेल्या मांजराचे दूध पहिल्या दिवसापासून बंद करावे आणि स्वच्छ पाणी ठेवावे. कित्येक घरी एवढ्याने निम्मे काम होते.

दुसरे असे की मांजर हे पक्के मांसाहारी जनावर आहे. दूध-भाकरीवर ते जगलेले दिसते, कारण बाकीचे ते उंदीर, पाखरे, सरडे यांतून भरून काढते. मांसात टॉरिन नावाचे द्रव्य असते. ते मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाही. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. हृदयाची ही गोष्ट १९८७ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवून दिली. तेव्हा ज्या घरात मांसाहार चालत नाही त्यांनी, विशेषतः मांजर आजारी होऊन घरातच बसले असेल तर, बाजारात मिळणारे मांजराचे तयार खाद्य द्यावे. कुत्र्याचे खाद्य मांजराला पुरत नाही.

आता वावड्याची परीक्षा. काही मांजरांना एखाद्या विशिष्ट अन्नाचेच वावडे असते. गोमांस, मासळी, कोंबडी आणि दूध यांचे वावडे जास्त आढळते. ते रक्त तपासून खात्रीने कळत नाही. परीक्षा खाण्यातूनच घ्यावी लागते. मांजराने पूर्वी कधी खाल्ले नाही असे एकच मांस निवडायचे. रोज कोंबडीचे तुकडे खाणाऱ्या मांजराला शेळीचे मांस चालेल. ते नुसत्या पाण्यात शिजवावे. मीठ, मसाला, तेल घालू नये. कांदा आणि लसूण तर मुळीच नको, कारण कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तक्रार पोटाची असेल तर दोन ते चार आठवड्यांत फरक दिसतो. तक्रार खाजेची असेल तर आठ ते बारा आठवडे धीर धरावा लागतो. या काळात दुसरे काही, म्हणजे काही म्हणजे काहीच द्यायचे नाही. पोराने गुपचूप बिस्किटाचा तुकडा टाकला तरी परीक्षा फसते. उंदीर धरणारे मांजर असेल तर त्याला या दिवसांत एका खोलीत ठेवावे लागेल.

फरक पडला तर जुने अन्न पुन्हा देऊन पाहावे. तक्रार परतली म्हणजे चोर सापडला. मग त्या अन्नाला कायमची रजा! अशा मांजराला स्टिरॉइडची गरजच राहत नाही. मात्र नुसत्या शिजवलेल्या मांसावर मांजराला वर्षानुवर्षे ठेवू नये. त्यात हाडांना लागणारे कॅल्शियम कमी पडते. पुढच्या आहाराविषयी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आणखी तपासण्या कोणत्या?

म्हाताऱ्या मांजरात मूत्रपिंडाचे दुखणे, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा विकार, मधुमेह यांनीही वजन उतरते. त्यासाठी रक्त आणि मूत्र तपासतात. हे सगळे निघाले नाही, जंत नाहीत, पिसवा नाहीत, अन्न बदलूनही ओकारी-ढाळ थांबत नाहीत, तर आतड्याची जुनी सूज असावी असा संशय येतो. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी आतड्याच्या अस्तरात गर्दी करतात आणि ते सुजलेलेच राहते. अन्न शोषले जात नाही. अशा मांजरात ब-१२ हे जीवनसत्त्वही कमी पडते आणि ते इंजेक्शनने भरून काढावे लागते. ते न भरता नुसत्या गोळ्या दिल्या तर गुण अर्धवटच येतो.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. आतड्यात सावकाश वाढणारा एक कर्करोगही हुबेहूब याच सुजेसारखा दिसतो. दोन्हींतला फरक आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासल्यावरच खात्रीने कळतो. स्टिरॉइड आधी सुरू केले तर या तपासणीचे चित्र पुसट होते. म्हणून तुकड्याची तपासणी करायची असेल तर गोळीच्या आधी करावी. प्रत्येकाला हे परवडेल असे नाही, आणि जिल्ह्याच्या प्रत्येक दवाखान्यात ही सोयही नाही. त्यासाठी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात चौकशी करावी लागेल. तपासणी न करता उपचार करायचे ठरले तर तेही चालते, पण डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून आणि धोका माहीत करून घेऊन.

स्टिरॉइड म्हणजे काय?

प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्याशी एक लहानशी ग्रंथी असते. तिच्यातून जो रस पाझरतो त्याच्याच जातीचे हे औषध आहे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी सांधे आखडून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना कॉर्टिझोन टोचले आणि थोड्याच दिवसांत ते चालू लागले. जगाला चमत्कार वाटला. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइशस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याच रुग्णांत दुसरीही गोष्ट दिसली. औषध थांबले की दुखणे परत येई, आणि औषध जास्त दिवस चालले की त्याचे दुष्परिणाम दिसू लागत.

आपल्यालाही नेमके हेच लक्षात ठेवायचे आहे. स्टिरॉइड सूज शमवते, खाज शमवते, पण दुखण्याचे मूळ उपटत नाही. पिसू तशीच राहिली, वावड्याचे अन्न तसेच चालू राहिले, तर गोळी म्हणजे गळक्या छपराखाली परात ठेवण्यासारखे आहे. परात ठेवावी, पण छपरही शाकारावे.

कोणती गोळी, किती आणि कशी?

मांजरासाठी प्रेडनिसोलोन हे औषध वापरतात. त्याच्याच सारख्या नावाचे प्रेडनिसोन असते. माणसाचे यकृत प्रेडनिसोनचे प्रेडनिसोलोन करून घेते, मांजराला ते नीट जमत नाही. म्हणून चिठ्ठीवरचे नाव आणि पाकिटावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा.

गोळीचे प्रमाण वजनावर ठरते, तेव्हा आधी वजन करा. पिशवीत मांजर घालून टांगत्या काट्याला लावा, किंवा मांजर घेऊन आपणच काट्यावर उभे राहा आणि मग आपले एकट्याचे वजन वजा करा. आतड्याच्या सुजेत सुरुवातीला दर किलो वजनाला रोज १ ते २ मिलिग्रॅम, असे प्रमाण साधारणपणे असते.

समजा, भोकरदन किंवा घनसावंगीकडच्या एखाद्या घरी ४ किलोची मांजर आहे. डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅमची एक गोळी रोज सांगितली. तीन आठवड्यांत ओकारी थांबली, वजन चढू लागले. मग ते अर्धी गोळी रोज सांगतील. आणखी दोन-तीन आठवडे सगळे ठीक राहिले तर अर्धी गोळी दिवसाआड. अशी पायरी पायरीने उतरत, ज्या कमीत कमी प्रमाणावर मांजर बरे राहते तिथे थांबायचे. काही मांजरांची गोळी पूर्ण सुटते, काहींना थोडी मात्रा जन्मभर लागते. एखाद्या पायरीवर ओकारी परतली तर घाबरू नये. डॉक्टरांना विचारून एक पायरी वर चढावे. हा हिशेब केवळ समजण्यासाठी सांगितला आहे, आपल्या मांजराचे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

गोळी खाण्याबरोबर, रोज ठरलेल्या वेळी द्यावी. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननळीत अडकून जखम करू शकते. म्हणून गोळीमागून थोडे पाणी बिनसुईच्या पिचकारीने गालाच्या कडेने हळूहळू पाजावे, किंवा लगेच चार घास खाऊ घालावेत. मांजर ओरबाडत असेल तर एकाने त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळून धरावे आणि दुसऱ्याने गोळी द्यावी.

"रोज गोळी कोण देत बसणार? एक लांब पल्ल्याचे इंजेक्शन द्या," असा आग्रह पुष्कळजण करतात. अशी इंजेक्शने आहेत आणि त्यांचा असर कित्येक आठवडे टिकतो. परंतु गोळी त्रास देऊ लागली तर कमी करता येते, टोचलेले औषध परत काढता येत नाही. वारंवार अशी इंजेक्शने दिल्याने मधुमेह होण्याचा धोका वाढतो. ज्या मांजराला गोळी देणे खरोखरच अशक्य आहे त्याच्यासाठीच डॉक्टर हा मार्ग निवडतात.

एकदम बंद का करू नये?

बंधूंनो, आजच्या भाषणातली ही सर्वांत मोठी सूचना आहे. मांजर टुणटुणीत झाले म्हणून गोळी एके दिवशी एकदम बंद करू नका.

याचे कारण आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला लगेच पटेल. गावात टँकर येऊ लागला की विहिरीचा गाळ कोणी काढत नाही. झरे बुजून जातात. मग एक दिवस टँकर यायचा थांबला तर? विहीर आहे, पण पाणी नाही! शरीराचेही तसेच होते. बाहेरून स्टिरॉइड मिळू लागले की मूत्रपिंडाजवळच्या त्या ग्रंथी आपले काम थांबवतात. काही आठवड्यांनी गोळी एकदम तोडली तर शरीरात तो रसच उरत नाही. मांजर गळून जाते, खात नाही, ओकते, आणि एखादे कोसळून मरतेही. लोक म्हणतात, "दुखणे उलटले." वास्तविक गोळी तुटलेली असते.

मोसंबीवाल्यांना तर हे अधिक समजावून सांगायला नको. बहाराचा ताण तोडताना आपण झाडाला पहिल्याच दिवशी भरपूर पाणी सोडत नाही. आधी आंबवणी, मग चिंबवणी, मग पूर्ण पाणी. झाडाला जागे व्हायला वेळ देतो. त्या ग्रंथींनाही जागे व्हायला तसाच वेळ द्यायचा असतो. म्हणून गोळी पायरीपायरीने उतरवायची. गावाला जायचे असेल तर शेजारच्या काकूंना गोळ्या मोजून द्या. शेवटच्या चार गोळ्या राहिल्या की लगेच नवीन पाकीट आणा.

कोणत्या त्रासावर नजर ठेवावी?

गोळी सुरू असताना भूक आणि तहान थोडी वाढते, ते अपेक्षित आहे. पण मांजर सारखे पाणी पिऊ लागले, फार मुतू लागले, मुतलेल्या जागी मुंग्या जमू लागल्या आणि खात असूनही वाळू लागले, तर मधुमेहाचा संशय घ्यावा आणि मूत्र तपासून घ्यावे. तो वेळीच ओळखून उपचार केला, आणि स्टिरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी केले, तर काही मांजरांचा मधुमेह ओसरतो. कातडी पातळ होणे, जखम लवकर न भरणे, पोट सुटणे, वारंवार सर्दी किंवा मूत्राची जळजळ होणे, हेही सांगण्यासारखे आहे.

खालील गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नये: डांबरासारखे काळे शेण, ओकारीत रक्त, डोळे किंवा हिरड्या पिवळ्या पडणे, तोंड उघडे टाकून धापा टाकणे, बोक्याला मूत्र न होणे, आणि दोन दिवस काहीही न खाणे. मांजर उपाशी राहिले, त्यातही ते लठ्ठ असेल, तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतते. माणसाचा उपवास पुण्याचा, मांजराचा उपवास धोक्याचा!

हे कदापि करू नका

स्टिरॉइडबरोबर मेलॉक्सिकॅमसारखे दुखण्याचे औषध देऊ नये. जनावरासाठी आणलेली ती बाटली घरात असते, म्हणून मुद्दाम सांगतो. दोन्ही मिळून जठराला जखमा होतात.

मांजर तापले म्हणून पॅरासिटामॉल देऊ नये. माणसाची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

खाजेच्या जागी घरातले मलम चोळू नये. केस गोल गोल जाऊन खवले धरले असतील तर तो नायटा असू शकतो. नायटा मांजराचा लेकरांना आणि लेकरांचा मांजराला लागतो. स्टिरॉइडच्या मलमाने तो आधी दबतो आणि मग दुप्पट पसरतो. माणसांतही या मलमांचा इतका गैरवापर झाला की २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. मलमे दबवतात, तशी गोळीही नायटा आणि इतर जंतुरोग दबवून वाढवते. म्हणून नायटा नाही याची खात्री गोळीच्या आधी करून घ्यावी.

फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवर मांजराला सोडू नये. ते पाय चाटते आणि विष पोटात जाते.

पिसाळण्याची, म्हणजे रेबीजची लस स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वी घेऊन ठेवावी. मोठी मात्रा चालू असताना लसीचा गुण कमी येऊ शकतो, तेव्हा लसीची तारीख डॉक्टरांना जरूर सांगावी. गोळी देताना मांजर चावले किंवा ओरखडा उठला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि आरोग्य केंद्रात दाखवावी. घरात गरोदर लेकीसुना असतील तर त्यांनी मांजराची घाण काढू नये. ते काम दुसऱ्याने हात धुऊन-पुसून करावे.

एक साधी वही ठेवा

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "किती वेळा ओकले?" आणि आपण म्हणतो, "लई वेळा." त्यातून काय कळणार? लेकराच्या जुन्या वहीत रोज एक ओळ लिहा. आज गोळी किती दिली, ओकले का, शेण घट्ट की पातळ, पाणी किती प्याले, काय खाल्ले. दर रविवारी वजन. शाळेतली मुलगी हे काम हौसेने करील. महिनाभराची अशी वही म्हणजे डॉक्टरांच्या हातात अर्धे निदान. गोळी उतरवायची की थांबवून ठेवायची हे तिच्यावरूनच ठरते.

खर्चाचेही बोलू. जंताचे औषध, पिसवांचे औषध, दूध बंद करणे, आहार बदलणे, ही कामे थोड्या पैशांत होतात. प्रेडनिसोलोनची गोळीही महाग नाही. महागात पडते ती घाई. उलटसुलट औषधे, एकदम तोडलेली गोळी, आणि मग मध्यरात्री जिवावर आलेले जनावर.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१) तीन आठवड्यांवर ओकारी-ढाळ चालले किंवा वजन उतरले तर दवाखाना.
२) आधी जंत, मग पिसवा, मग अन्न, गोळी त्यानंतर.
३) दूध बंद, पाणी भरपूर, कांदा-लसूण वर्ज्य.
४) औषध प्रेडनिसोलोन, मात्रा वजनावर आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून.
५) गोळी एकदम बंद नाही; पायरीपायरीने उतरवायची.
६) तहान आणि मूत्र वाढले, काळे शेण झाले, दोन दिवस खाणे सुटले, तर त्याच दिवशी दाखवायचे.
७) गुरांचे आणि माणसांचे औषध मांजराला नाही.

बंधूंनो, स्टिरॉइड हे काही विष नाही, आणि अमृतही नाही. योग्य मांजराला, योग्य वेळी आणि योग्य मापाने दिले तर आतड्याची जुनी सूज असलेले मांजरही पुढची कित्येक वर्षे सुखाने जगू शकते आणि आपल्या पोत्यांची राखण करू शकते. मुके जनावर आपले दुखणे सांगत नाही. ते आपणच पाहायचे, मोजायचे आणि वहीत लिहायचे. तेव्हा आज संध्याकाळी कापसाच्या ढिगावर झोपलेल्या आपल्या मांजराच्या पाठीवरून एकदा हात फिरवा. कणा हाताला टोचतो का, ते पाहा. टोचत असेल तर उद्या सकाळी त्याचे शेण डबीत घेऊन दवाखान्याची वाट धरा.